सहाशे रुपयांची विहीर



आज मका नाही, मुरघास नाही, कांद्याचा भावही नाही. आज विषय गोड खाण्याचा आहे. पण हिशेब आपला नेहमीचाच, दुधाचा. पोस्ट लांबली आहे, चहा घेऊन निवांत वाचा. ज्यांच्या घरात एखादं पोरगं "रोडला काहीतरी टाकू" म्हणतंय, त्यांनी तर शेवटपर्यंत वाचा.

प्रश्न असा आहे. थीम हॉटेलात मिळणारा पाचशे-सहाशे रुपयांचा, धूर निघणारा, सोनं चिकटवलेला गोड पदार्थ त्या किमतीचा असतो का? शहरातल्या माणसाला हा प्रश्न हौसेचा आहे. माझ्यासाठी तो सातबाऱ्याचा झालाय. माझा भाचा चार वर्षं पुण्यात हॉटेल लाईनला होता, आता गावी परत आलाय. घरी बारा गाई आहेत, ताई आणि दाजी बघतात. याला आपल्या नगर-मनमाड रोडला, राहुरीच्या अलीकडं, थीम हॉटेल टाकायचंय. जेवण नाही, फक्त गोड. अठरा लाखांचं कर्ज आणि जामीनदार म्हणून मामाची सही.

मी म्हणलं, "कागद दाखव." तो म्हणला, "मामा, कागदावर नाही कळायचं. एकदा खाऊन बघा, मग बोला." आईला डोळे दाखवायला पुण्याला न्यायचंच होतं. तपासणी झाल्यावर हा आम्हाला एका ठिकाणी घेऊन गेला. हॉटेलाचं नाव सांगत नाही, आपल्याला नावाशी काम नाही.

थीम काय, तर गाव. दारात बैलगाडीचं चाक, छताला कंदील, त्यात एलईडी. भिंतीला कडबा लावलेला, हात लावला तर प्लॅस्टिकचा. वाढपी पोरं धोतर-फेट्यात. मेनूकार्डावर एकेक नावं अशी की आई हसायलाच लागली. "गोवरी ब्राउनी" नावाचा पदार्थ होता. आई म्हणाली, "आम्ही जन्मभर थापल्या, कुणी शंभर रुपये दिले नाहीत." सोन्याचा वर्ख लावलेली कुल्फी अकराशे नव्याण्णवला होती. भाच्यानं मागवली ती "आजोळची विहीर". किंमत ५९० रुपये, जीएसटी धरून ६१९ रुपये ५० पैसे.

विहीर म्हणजे मातीचं भांडं, आपल्या भाजीच्या पातेल्याएवढं, वरून दगडी बांधकामासारखं रंगवलेलं. त्यावर बोटाएवढा लाकडी रहाट, त्याला सुतळी, सुतळीला बिस्किटाची बादली. आत तळाला रबडी, त्यावर सीताफळाच्या आइस्क्रीमचे दोन गोळे, वरून पिस्ता. बाजूच्या कप्प्यात ड्राय आइस. पोरानं त्यावर गरम पाणी ओतलं आणि पांढरा धूर विहिरीच्या काठावरून टेबलावर उतरला. शेजारच्या टेबलावरचे सुद्धा मोबाईल काढून उभे राहिले.

मी घड्याळ लावलं होतं. धूर साडेतीन मिनिटं चालला. त्यानंतर उरलं ते खायचं.

आता खाल्ल्यावरचं खरं सांगतो. सीताफळाचं आइस्क्रीम चांगलं होतं. गर खरा होता, रवाळ लागत होता. यात खरं कसब आहे, हे आपल्यातल्या फळबागवाल्यांना सांगायला नको. सीताफळाचा गर तापवला की कडवट होतो. म्हणून त्याचा जॅम नीट जमत नाही, आटवून काही करता येत नाही. बिया काढायच्या हातानं नाहीतर यंत्रानं, लगेच गोठवायचा आणि गार पदार्थातच घालायचा. सीताफळाला आइस्क्रीमसारखी दुसरी जागा नाही. त्या गोळ्याला पैसे देताना मला काही वाटलं नाही.

रबडी मात्र पिठूळ होती. आटवलेल्या दुधाची रबडी सायीच्या पापुद्र्यावरून ओळखू येते. इथं पापुद्रा नव्हता, दाटपणा पावडरचा नाहीतर कॉर्नफ्लॉवरचा. धूर असताना हे कळलं नसतं. धूर संपला आणि कळलं.

घरी येऊन मी वही काढली. धंदा करणाऱ्यांनी आकडे तपासावेत, मी माझ्या अंदाजानं मांडलेत.

आइस्क्रीमचे दोन गोळे मिळून १२० ग्रॅम धरले. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमाप्रमाणे साध्या आइस्क्रीममध्ये किमान १० टक्के दुधाची स्निग्धता लागते, म्हणजे १२ ग्रॅम फॅट. आपल्या ३.५ फॅटच्या एक लिटर गाईच्या दुधात ३६ ग्रॅमच्या आसपास फॅट असतं. म्हणजे गोळ्यांना लागलं लिटरचा तिसरा हिस्सा दूध. रबडी वाटीभर होती. ती खरोखर आटवलेली धरली तरी तिला आणखी तेवढंच दूध. एकूण पाऊण लिटरच्या आत. आमच्या संकलन केंद्रावर त्या पंधरवड्यात ३.५ / ८.५ ला ३२ रुपये दर होता.

दूध: २१ रुपये
साखर: २ रुपये
सीताफळाचा गर: १२ रुपये
पिस्ता, केशर: २० रुपये
बिस्किटाची बादली: १५ रुपये
ड्राय आइस: १५ रुपये
मातीच्या भांड्याची फूटतूट: ५ रुपये

एकूण ९० रुपये. जेवणाच्या हॉटेलात मालाचा खर्च बिलाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास असतो, असा त्या धंद्यातला ठोकताळा आहे. इथं तो सहाव्या हिश्शाहूनही कमी आहे. वरचे पाचशे कुठं गेले? भाच्यानं सांगितलं की त्या गाळ्याचं भाडंच महिन्याला दीड लाख आहे. मग पगार, लाईट, एसी, तो प्लॅस्टिकचा कडबा. सगळी लूट आहे असं मी म्हणणार नाही. शहरात खुर्चीवर बसायलाच पैसे पडतात.

पण एक आकडा मी दोनदा तपासला. ५९० रुपयांच्या पदार्थात दूधवाल्याचे २१ रुपये. टक्केवारी काढा. साडेतीनच्या किंचित वर. आपल्या फॅटएवढीच.

हा आकडा बोचतो, कारण आपल्या जिल्ह्यानं दुधासाठी काय काय केलंय ते आपल्याला माहीत आहे. १ जून २०१७ ला शेतकऱ्यांचा संप सुरू झाला, त्याची सुरुवात राहात्याच्या पुणतांब्यातून. दूध रस्त्यावर ओतलं गेलं. जुलै २०२३ मध्ये सरकारनं ३.५ / ८.५ ला ३४ रुपये किमान दर ठरवला, काही महिन्यांत दर पुन्हा खाली आले. जानेवारी २०२४ मध्ये लिटरला ५ रुपये अनुदान जाहीर करावं लागलं. त्याच वर्षी पावसाळ्यात अकोले तालुक्यात कोतूळला दूध उत्पादक धरणं धरून बसले होते, आणि जुलैपासून ३० रुपये दर अधिक ५ रुपये अनुदान असं सूत्र आलं. लिटरमागं पाच रुपयांसाठी एवढं सगळं. आणि इकडं साडेतीन मिनिटांच्या धुराला माणूस तीनशे रुपये हसत हसत देतो.

म्हणून काय, तमाशाला पैसे देणं चूक आहे का? मला तसं वाटत नाही. मढीच्या यात्रेला आपण जातो, पाच मिनिटं आकाशपाळण्यात बसतो, खिसा हलका करतो. घरी आल्यावर कुणी विचारत नाही की त्यातून पोटात काय पडलं. मजेला किंमत असते. प्रश्न एवढाच की मजा पदार्थाबरोबर आली आहे का पदार्थाच्या जागी आली आहे.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्या रोडलाच आहे. रसवंती. चरकाला घुंगरू बांधलेले असतात. चरक फिरला की छुम-छुम आवाज, आणि एसटीतून उतरलेला माणूस न बघता तिकडं वळतो. ही थीमच झाली की. पण ते घुंगरू एकदा बांधले की वर्षानुवर्षं वाजतात, त्यांचा भार गिऱ्हाइकाच्या ग्लासावर पडत नाही. आणि घुंगरू काढून टाकले तरी ग्लासात उसाचा रसच राहतो, समोर पिळलेला. पुण्याची मस्तानी तशीच. दाट दूध, वर आइस्क्रीमचा गोळा, उंच ग्लास, नाव ऐटदार. ग्लास बदला, नाव बदला, आतला माल तोच राहतो. म्हणून पिढ्या बदलल्या तरी लोक पितात. आपल्या जामखेडच्या हद्दीला लागून भूम तालुक्यात कुंथलगिरीचा खवा आणि पेढा आहे. त्याला तर कसलीच थीम नाही. कढई, सराटा आणि विस्तव. लोक गाडी थांबवून घेतात.

याच्या उलट सोन्याची कुल्फी. सोन्याला चव नाही, वास नाही, ते पचतही नाही. आत गेलं तसं बाहेर जातं. वर्ख काढला की खाली राहते ती ऐंशी रुपयांची कुल्फी. इथं वरच्या हजाराला जिभेचा काही संबंध नाही.

परदेशातलं एक उदाहरण देतो, म्हणजे फरक कळेल. जपानमधल्या सेलाटो कंपनीच्या आइस्क्रीमची २०२३ साली जगातलं सगळ्यात महाग आइस्क्रीम म्हणून गिनीज बुकात नोंद झाली. एका वाटीला ८ लाख ७३ हजार ४०० येन, म्हणजे आपले तेव्हाचे पाच लाखांच्या वर. तेवढ्यात आपल्याकडं पाच दुभत्या गाई येतात. त्यावरही सोन्याचा वर्ख आहेच, पण किमतीचं मोठं कारण इटलीतल्या आल्बा भागातलं पांढरं ट्रफल. हे एक कवक आहे. झाडांच्या मुळांशी जमिनीखाली वाढतं, कुत्र्यांना वासावर शोधायला लावतात, आणि आपल्या अळिंबीसारखं शेडमध्ये पिकवता येत नाही. मी पाच लाख देणार नाही हे वेगळं, पण निदान तिथं महाग वस्तू वासाला आणि चवीला काहीतरी करते. सोन्याच्या कुल्फीत महाग वस्तू फक्त फोटोला काहीतरी करते.

आता धुराबद्दल दोन शब्द, आणि हे जरा गंभीर आहे.

काही ठिकाणी हाच धूर द्रव नायट्रोजनचा असतो. शहरातल्या पोरांना त्याचं नवल वाटतं. आपल्याला नाही वाटत. गाय भरवायला डॉक्टर येतात, कॅनचं झाकण उघडतात, सिमेनची कांडी काढतात, तेव्हा गोठ्यात तोच पांढरा धूर निघतो. उणे १९६ अंशाचा. डॉक्टर कांडी चिमट्यानं काढतात, बोट घालत नाहीत, आणि आपण पोरांना "लांब हो" म्हणतो. ड्राय आइस उणे ७८ अंशाच्या आसपास असतो, तोही उघड्या हातानं धरायचा नसतो. मार्च २०२४ मध्ये गुरुग्रामच्या एका कॅफेत जेवणानंतर माउथ फ्रेशनर म्हणून चक्क ड्राय आइस दिला गेला, आणि पाच जण रक्ताच्या उलट्या होऊन दवाखान्यात गेले. म्हणून नियम साधा आहे: धूर निघत असेपर्यंत तोंडाला लावायचं नाही, आणि तो खडा पदार्थात नाही, वेगळ्या कप्प्यात पाहिजे. आमच्या विहिरीत कप्पा वेगळा होता, हे त्यांच्या बाजूनं सांगायला पाहिजे.

दुसरी गोष्ट, विचारून खायचं. आइस्क्रीम आणि फ्रोझन डेझर्ट हे दोन वेगळे पदार्थ आहेत. फ्रोझन डेझर्टमध्ये दुधाच्या फॅटऐवजी वनस्पती तेल चालतं. पाकिटावर ते लिहिलेलं असतं, पण हॉटेलातल्या वाटीवर पाकीट नसतं. आणि आइस्क्रीममध्ये हवा असते. ती लागतेच, नाहीतर दगड होईल. पण नियमाप्रमाणे एक लिटर आइस्क्रीमचं वजन किमान ५२५ ग्रॅम भरलं की चालतं. म्हणजे माप लिटरचं, वजन अर्ध्या किलोच्या जरा वर. फेसासकट दूध मोजून दिलं तर केंद्रवाला आपल्याला काय म्हणेल? तिथं मात्र ते कायदेशीर आहे. म्हणून गोळ्याचा आकार बघू नका, हातात घेतल्यावर जड लागतं का ते बघा.

एवढं सगळं लिहून झाल्यावर कुणाला वाटेल, मामा सहाशे रुपये वाया गेले म्हणून रडतोय. तसं नाही. त्या दिवशी एक गोष्ट झाली ती सांगितली नाही तर हिशेब खोटा होईल.

धूर निघाला तेव्हा मी घड्याळ बघत होतो, भाचा माझ्या तोंडाकडं बघत होता. आई विहिरीकडं बघत होती. ती म्हणाली, "मार्गशीर्षात पहाटं आमची विहीर अशीच वाफाळायची. आप्पा मोट धरायचे आणि आम्ही पोरं काठावर बसून शेकायचो." मग ती दहा मिनिटं बोलत होती. बैलांची नावं, मोटेच्या चामड्याला तेल लावायचे दिवस, थारोळ्यात पडणारं कोमट पाणी. हे मी साठीला टेकलो तरी ऐकलं नव्हतं. भाच्यानं तर फोन खाली ठेवला.

कृषीवाल्या मित्रांना कारण माहीत आहे. विहिरीचं पाणी वर्षभर साधारण एकाच तापमानाला राहतं, पंचविशीच्या आसपास. हवा आठ-दहा अंशांवर उतरली की पाण्याची वाफ वर येऊन तिचे बारीक थेंब होतात आणि विहीर धूर सोडते. म्हणजे ज्यानं कुणी हा पदार्थ बनवला त्यानं एकतर ती विहीर पाहिली होती नाहीतर चुकून नेम लागला. काही असो, त्या तीन मिनिटांत प्लॅस्टिकच्या कडब्यात एक खरी गोष्ट होती.

म्हणून माझं उत्तर असं. त्या विहिरीत दोनशे रुपयांची चव होती, शंभर रुपयांची खुर्ची होती आणि तीनशेचा धूर. आईमुळं आमचा धूर वसूल झाला. शेजारच्या टेबलावर चार पोरं होती, त्यांनी व्हिडिओ काढला, निम्मी रबडी ठेवली आणि उठून गेली. त्यांचा वसूल झाला का ते त्यांचं त्यांनी ठरवावं. एकदा, घरच्या म्हाताऱ्या माणसाला किंवा पोराला घेऊन, जरूर जावं. दुसऱ्यांदा मी जाणार नाही. आणि इथंच भाच्याच्या अठरा लाखांची गाठ येते. पुण्यात रोज नवी माणसं येतात, एकदाच येणाऱ्यावर दुकान चालतं. आपल्या रोडला शिर्डीचे भाविक जातात हे खरं, पण हप्ता भरायचा तर राहुरी, वांबोरी, देवळालीचा माणूस परत परत आला पाहिजे. धुराला माणूस परत येत नाही, सायीला येतो.

मग त्याचा कागद बघितला. अठरापैकी नऊ लाख सजावटीला. बैलगाडी, सेल्फीची भिंत, छप्पर. पाच लाख मशिनरीला. चार लाख अनामत आणि खेळतं भांडवल. मी त्याला तीन गोष्टी विचारल्या. तुम्हीही अशा पोराला या विचारा.

पहिली, दूध कधी जास्त असतं आणि आइस्क्रीम कधी खपतं? गोठ्यात दूध भरपूर असतं ते थंडीत. आइस्क्रीमला गिऱ्हाईक उन्हाळ्यात, तेव्हा गाई उन्हानं दूध तोडतात आणि हिरवा चारा महाग. धंद्याचं वेळापत्रक आणि गोठ्याचं वेळापत्रक उलटं आहे. थंडीत काय विकणार याचं उत्तर कागदावर नव्हतं.

दुसरी, लाईट गेली तर? आइस्क्रीम उणे १८ ला ठेवायला लागतं. एकदा वितळून परत गोठलं की बर्फाचे खडे होतात आणि ते जिभेला लगेच कळतं. जनरेटरचे पैसे कागदावर नव्हते, कंदिलांचे होते.

तिसरी, बारा गाईंचं दूध रोज १३० लिटर निघतं, त्यातलं किती तुझ्या दुकानात जिरेल? त्यानं ३० लिटर सांगितलं. चांगलं आहे. मी लगेच मांडलं. पाऊण लिटरला एक वाटी धरली तर रोज ४० वाट्या. प्रत्येकी १५० रुपये लावले तर सहा हजारांची विक्री. तेच ३० लिटर केंद्रावर घातलं तर ९६० रुपये. मधल्या पाच हजारांत साखर, सुकामेवा, मजूर, लाईट, हप्ता, सगळं. रोज ४० वाट्या खपल्या तर नीट बसतं. वीसच खपल्या तर नऊ लाखांच्या सजावटीचा हप्ता गाईंच्या पगारातून जाणार. गाईंचा पगार म्हणजे ताईचं घर.

मी त्याला म्हणलं, थीम पाहिजे ना, मग खरी घे. आपल्याकडं डिसेंबरपासून हुरडा असतो. पुण्या-मुंबईची माणसं पैसे मोजून आगटीभोवती मातीत बसतात, तक्रार करत नाहीत. कारण तिथं प्लॅस्टिक काही नाही आणि तो दाणा दुसरीकडं मिळत नाही. हुरड्याचा दाणा चिकात असतो ते मोजके दिवस, पुढं त्याची ज्वारी होते. ती घाईच त्याची किंमत आहे. आपल्या राहुरीच्या विद्यापीठानं फुले उत्तरा, फुले मधुर असे हुरड्याचे वाण दिलेत. दोन-तीन टप्प्यांत पेरलं तर महिना-दीड महिना हुरडा चालतो. त्याच्या जोडीला कढईतली गरम बासुंदी, गाय व्याली असेल तेव्हा खरवस, तोही वासराचं पोट भरल्यावर. हिवाळ्याचं दूध तिथं जिरेल. उन्हाळ्यात सीताफळाच्या गोठवलेल्या गराचं आणि आंब्याचं आइस्क्रीम. तुझ्या मळ्यात खरी विहीर आहे, पहाटं खरी वाफ निघते. तिला कठडा बांध, जाळी टाक, म्हणजे पोरं सुरक्षित. लोकांनी तिथं फोटो काढावेत, त्याचे पैसे घेऊ नको.

भाचा म्हणाला, "मामा, पहिल्यांदा माणूस फोटो बघूनच येतो. सायीचा फोटो निघत नाही." हे त्याचं खरं आहे. मी मान्य केलं. नुसता चांगला माल ठेवून चालत नाही, घुंगरू बांधायला लागतातच. पण घुंगरू चरकाला बांधायचे असतात. त्याच्याकडं घुंगरांचे नऊ लाख आहेत आणि चरक अजून यायचाय.

शेवटी मी सांगितलं ते असं. पाश्चरायझर, फ्रीजर, कढई, जनरेटर आणि अन्नसुरक्षेचा परवाना एवढ्यासाठी सात लाखांचं कर्ज कर, मी उद्या सही करतो. एक हिवाळा आणि एक उन्हाळा मळ्यातच चालव. रोजच्या वाट्यांची वही ठेव. चाळीसच्या वर सरासरी निघाली तर रोडला जागा बघू, तेव्हा मी दुसरी सही करीन. अठराच्या कागदावर मात्र नाही.

तो नाराज आहे. ताईचाही दोन दिवस फोन नाही. दाजी म्हणाले, "पोरगं गावात राहतंय ते बघा, पैशाचं काय." त्यांचं म्हणणं मला कळतं. पोरं परत येत नाहीत हे दुखणं आपल्या सगळ्यांच्या घरात आहे, आणि परत आलेल्याला नाही म्हणायला जीव होत नाही. पण त्याला गावात ठेवायचं असेल तर पहिल्या दोन वर्षांत त्याचं कंबरडं मोडायला नको.

आता तुमच्याकडून मदत पाहिजे. आपल्यापैकी ज्यांनी स्वतःच्या गोठ्याच्या दुधाचं आइस्क्रीम, बासुंदी, खवा किंवा कुल्फी करून विकलीय, त्यांनी आकडे कळवा. रोज किती लिटर जिरतं, महिन्याचं लाईट बिल किती, थंडीत विक्री किती पडते, आणि एकदा आलेला माणूस परत येतो का. नुसतं "छान" किंवा "करू द्या पोराला" लिहू नका. भाचा हे पान वाचतो. माझं नाही पटलं तरी तुमच्या वहीतले आकडे त्याला पटतील.

दर कळवताना फॅट आणि एसएनएफसकट कळवा.